तारेने बांधलेली फटफटी

प्रवासवर्णनाच्या वाचकाला एक गुप्त हौस असते. प्रवाशाची गाडी कुठेतरी आडरानात बंद पडावी, त्याचे पैसे संपावेत, पाऊस यावा, आणि मग हा गृहस्थ काय करतो ते आपल्याला घरात बसून, चकलीचा तुकडा मोडता मोडता पाहायला मिळावे, असे त्याला मनातून वाटत असते. उघडपणे तो असे कधी म्हणणार नाही. तो म्हणेल, मला देशोदेशीची माहिती हवी, निसर्ग हवा, लोकजीवन हवे. पण गोडसे भटजी १८५७ साली वरसईहून दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, त्यांचे सगळे बेताप्रमाणे पार पडते आणि ते गाठीला रुपये बांधून सुखरूप घरी येते, तर आज त्यांचे नाव घरच्या वंशावळीखेरीज कुठे सापडले असते? बेत फसला, लुटालूट झाली, वणवण झाली, आणि म्हणून मराठीला एक पुस्तक मिळाले.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत मी दोन पुस्तके लागोपाठ पुन्हा वाचली. दोन्ही फटफटीवरून केलेल्या लांबच्या प्रवासाची, दोन्हींत वाट डोंगरांतली, आणि दोन्हींत यंत्र बिघडण्याला मोठे स्थान. एक एर्नेस्तो गेव्हारा या अर्जेंटिनाच्या तरुणाने लिहिलेले. जग पुढे त्याला ‘चे’ या नावाने ओळखू लागले. त्याची १९५२ सालच्या प्रवासाची टिपणे त्याच्या मृत्यूनंतर सुमारे पाव शतकाने पुस्तकरूपाने आली आणि इंग्रजीत ‘द मोटरसायकल डायरीज’ म्हणून गाजली. दुसरे रॉबर्ट पिर्सिग या अमेरिकन लेखकाचे, १९७४ साली निघालेले, ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेंटेनन्स’. स्पॅनिश मला येत नाही. पहिले पुस्तक मी इंग्रजीवरून वाचले आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. फटफटीबद्दल मात्र मी अगदीच अडाणी नाही. शाळेला रोज बारा मैल जाणाऱ्या मास्तराला प्लग साफ करता येतोच.

गेव्हाराच्या पुस्तकाविषयी लिहिणारे बहुतेक जण ते शेवटाकडून सुरुवातीकडे वाचतात. १९६७ साली बोलिव्हियाच्या रानात मारला गेलेला बंडखोर त्यांना आधीपासून माहीत असतो. मग तेवीस वर्षांच्या या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीत भक्तांना होणाऱ्या क्रांतीच्या खुणा दिसतात, आणि क्रांतीनंतर हवानात झालेल्या देहदंडांची आठवण ठेवणाऱ्यांना होणाऱ्या क्रौर्याच्या. माझे म्हणणे असे, की पहिली शंभरएक पाने तरी या दोघांनीही बाजूला व्हावे आणि फटफटीकडे पाहावे. कारण त्या पानांची नायिका ती आहे.

तिचे नाव ‘ला पोदेरोसा दुसरी’. पोदेरोसा म्हणजे बलवती. १९३९ सालची नॉर्टन, पाचशे सी. सी.च्या वर्गातली, एका सिलिंडरची. मालक आल्बेर्तो ग्रानादो, वय एकोणतीस, जीवरसायनशास्त्र शिकलेला, कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यात काम केलेला. मागे बसणारा गेव्हारा, दम्याचा रोगी. ४ जानेवारी १९५२ रोजी दोघे ब्यूनोस आयरेसहून निघाले. तेरा वर्षांचे जुने यंत्र, त्यावर दोन माणसे, तंबू, अंथरुणे, भांडीकुंडी आणि सुरुवातीला प्रेयसीसाठी नेलेले एक कुत्र्याचे पिल्लूसुद्धा. पिल्लाचे नाव इंग्रजी, ‘कमबॅक’.

सारे ओझे मागच्या चाकाच्याही मागे बांधलेले. जड बोजा मागच्या आसापलीकडे गेला, की पुढचे चाक हलके होते, आणि हलके चाक हँडलचे ऐकत नाही. खडबडीवर ते उचलले जाते, वाळूत आडवे जाते. गेव्हारा हे यंत्रशास्त्र समजावून सांगत बसत नाही. तो नुसता पडतो. पुन्हा पडतो. बाहिया ब्लांकाच्या पुढे वाळूच्या टेकड्यांत, गेलेला वेळ भरून काढावा म्हणून तो गाडी जोरात हाणतो आणि एका वळणावर असा आपटतो, की त्याचा पाय तापलेल्या सिलिंडरखाली सापडून भाजून निघतो. ही सगळी हकिगत दोन-चार वाक्यांत आहे. दुसरा कोणी असता तर त्या वाळूवर आणि त्या सूर्यास्तावर त्याने दोन पाने खर्च केली असती.

ग्रानादोचे दुरुस्तीचे तत्त्वज्ञान वेगळेच. जिथे तार चालते तिथे स्क्रूच्या वाटेला जाऊ नये, अशा मताचा तो माणूस. सांगाड्याचा काही भाग निखळला, तार. सामान सुटले, तार. ही नुसती हौस नव्हती. पातागोनियाच्या ओसाड पठारावर इंग्लंडात बनलेल्या तेरा वर्षांपूर्वीच्या गाडीचा सुटा भाग मिळणार कुठे? तार मात्र कुंपण असेल तिथे मिळते. आपल्या घाटात एस. टी. बंद पडली, की ड्रायव्हर बॉनेट उघडतो आणि कंडक्टर पाण्याचा डबा घेऊन ओढ्याकडे जातो, त्याच जातीची ही विद्या. तिला कोणी पदवी देत नाही, पण तिच्यावाचून डोंगरातले जग चालत नाही.

आंदीज पर्वत ओलांडताना मात्र गाडीवर फारसे चढायचे नसतेच. बारिलोचेच्या बाजूला सरोवरांची ओळ आहे. बोटीतून आणि मधल्या रस्त्यांनी ते चिलीत उतरतात, आणि भाड्याचे पैसे नसल्यामुळे बोटीच्या तळातले घाण पाणी उपसतात. खरी मोडतोड सुरू होते ती चिलीत, आणि ती वाचण्यासारखी आहे.

तेमुको गावच्या वर्तमानपत्रात या दोघांविषयी एक मजकूर छापून येतो: कुष्ठरोगाचे दोन अर्जेंटिनी तज्ज्ञ फटफटीवरून दक्षिण अमेरिकेचा दौरा करीत आहेत. ग्रानादोचा अनुभव काही थोडा नव्हता, पण गेव्हारा तर अजून डॉक्टरही झालेला नव्हता. माहिती अर्थात यांनीच पुरवलेली. दुसऱ्या दिवसापासून सगळे बदलते. तेमुकोच्या पुढे पंक्चर होते, मदत मिळते. मग गाडी अचानक भलत्याच बाजूला वळून दोघांना फेकून देते. स्टिअरिंगचा दांडा मोडतो, गिअरबॉक्सचे ॲल्युमिनिअमचे आवरण फुटते. लौतारो गावच्या गॅरेजमध्ये हे धूड ढकलत नेले, की ‘तज्ज्ञां’ची गाडी दुरुस्त करणे हा तिथल्या लोकांना मान वाटतो. जेवणाखाणाची वाण पडत नाही. रात्री गावात नाच. तिथे आपला नायक दारूच्या भरात एका मेकॅनिकच्या पत्नीशी असा काही वागतो, की दोघांना गावातून जीव घेऊन पळ काढावा लागतो.

पुढचा प्रसंग तर एखाद्या मूकपटातला शोभावा. उतार लागलेला, वेग वाढलेला, आणि समोर गुरांचा कळप. गेव्हारा ब्रेक दाबतो आणि ब्रेक मोडून निघतो. गुरे दोहो बाजूंनी सटकताना दिसतात. शेवटच्या गाईच्या पायाला चाक निसटते लागते, पुढे नदी. तो गाडी रस्त्याकडेच्या दरडीवर घालतो आणि दोन खडकांच्या बेचक्यात गाडी अडकून उभी राहते. कोणाला खरचटतही नाही.

मी वर्गात मुलांना ‘माझा अविस्मरणीय प्रवास’ हा निबंध दरवर्षी घालतो. चाळीस वह्यांत एकच मजकूर असतो: आम्ही पहाटे उठलो, गाडी वेळेवर सुटली, निसर्गसौंदर्य पाहून डोळ्यांचे पारणे फिटले, आणि सायंकाळी सुखरूप परतलो. मागे एकदा सहलीची गाडी घाटात तीन तास बंद पडली होती. मधल्या सुट्टीत तीच मुले त्या तीन तासांचे वर्णन हातवारे करून, इंजिनाचे आवाज काढून एकमेकांना सांगत होती. वहीत मात्र गाडी वेळेवरच पोचली. बंद पडलेली गाडी लिहिण्यालायक नसते, हे त्यांना कोणी शिकवले? आम्हीच. आणि आम्हाला आमच्या प्रवासवर्णनकारांनी. गेव्हाराचे हे भाग वाचताना मला मधल्या सुट्टीतला तो आवाज ऐकू येतो, आणि तेवीस वर्षांच्या मुलाने तो कागदावर उतरू दिला, हे त्याचे लेखक म्हणून मोठे श्रेय मी मानतो.

तरीपण या विनोदाला एक काळी बाजू आहे, आणि तिच्याकडे काणाडोळा करणारा टीकाकार वाचकाला फसवतो. हे दोघे बिघाडाची किंमत स्वतः फारच थोडी देतात. देतात ती इतरांच्या ओसरीने, इतरांच्या सुपाने, इतरांच्या फुकट श्रमाने. सात सरोवरांच्या रस्त्यावर ज्यांनी आसरा दिला, त्यांचाच कुत्रा गेव्हाराने अंधारात पुमा समजून गोळी घालून मारला. ‘तज्ज्ञ’ हे बिरुद त्यांना गॅरेजमधून गॅरेजमध्ये घेऊन गेले. गेव्हारा हे लपवत नाही, उलट मिटक्या मारीत सांगतो; पण सांगणे म्हणजे फेड नव्हे.

मग फटफटी मरते. मायेको नदीवर रेल्वेचा उंच पूल आहे, त्या भागातल्या चढावर ती कायमची बसते. ट्रकमध्ये घालून तिला लोस आंजेलेसला नेतात, आणि शेवटी मार्च १९५२च्या सुमारास सांतियागोत एका ठिकाणी तिचे कलेवर ठेवून दोघे पायी निघतात. इथे पुस्तकाची पातळी एकदम बदलते, आणि माझ्या मते हीच या पुस्तकाची खरी गुरुकिल्ली. गेव्हारा स्वतःच नोंदवतो, की फटफटी होती तोवर रस्त्यावरच्या भटक्यांत आपण खानदानी होतो. आता पाठीवर बोचके घेतलेले नुसते दोन उपटसुंभ. मोडकी, तारेने बांधलेली, ढकलत न्यावी लागणारी गाडीसुद्धा गरिबांच्या नजरेत किती मोठी होती, हे त्याला ती गेल्यावर कळले. गॅरेजमधला मान त्याच्या विद्येला नव्हता, आणि वर्तमानपत्रातल्या मजकुरालाही पुरता नव्हता. बराचसा तो त्या लोखंडाला होता.

आणि काही पानांतच वाल्पाराइसोच्या बंदरात त्याला एक म्हातारी दाखवली जाते. दमा आहे, हृदय खचलेले आहे. परवापरवापर्यंत कुठल्याशा खाणावळीत वाढण्याचे काम करून पोट भरीत होती. आता काम होत नाही म्हणून घरच्यांच्या डोळ्यांत ती खुपते. गेव्हारा खाण्याचे पथ्य सांगतो, स्वतःजवळच्या काही गोळ्या देतो आणि बाहेर पडतो. इथे तार चालत नाही. मागल्याच प्रकरणापर्यंत प्रत्येक बिघाडावर काहीतरी तोड निघत होती: कोणी वेल्डिंग करून देत होता, कोणी ट्रक थांबवत होता. या खोलीत आल्यावर विनोद बंद होतो. लिहिणारा स्वतः दमेकरी आहे, हे विसरू नये. छातीत हवा न पुरणे म्हणजे काय ते त्याला कोणत्याही पुस्तकापेक्षा चांगले ठाऊक होते. पुढे उत्तर चिलीच्या वाळवंटात, चुकिकामाताच्या तांब्याच्या खाणींच्या वाटेवर, थंडीने कुडकुडणारे एक कामगार जोडपे भेटते. पांघरूण नसलेल्या त्या दोघांना हे आपले एक पांघरूण देतात. टीकाकार या जोडप्याविषयी पानेच्या पाने लिहितात, कारण नवरा साम्यवादी होता. मला म्हातारीचे प्रकरण अधिक मोठे वाटते. त्यात अजून कोणताच वाद शिरलेला नाही. एक शरीर बिघडले आहे आणि दुरुस्त करू पाहणाऱ्याचे हात रिकामे आहेत, एवढेच.

पुस्तकाच्या अखेरीस मात्र लेखकाचा सूर चढतो. रक्त, गर्जना, लढाई अशा शब्दांची दाटी होते. भक्तांना ती पाने पाठ असतात. माझ्यातल्या मास्तराला तिथे लाल शाई घ्यावीशी वाटते. ज्या हाताने मोडक्या ब्रेकची हकिगत इतकी नेमकी लिहिली, त्याच हाताने हे लिहिले, हे पटत नाही. (हाच गेव्हारा १९५९ साली क्युबाचा प्रतिनिधी म्हणून दिल्लीस येऊन पंडित नेहरूंना भेटला होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना आठवते.)

पिर्सिगचे पुस्तक वेगळ्या घडणीचे. १२१ प्रकाशकांनी ते नाकारले, असे त्याने सांगितले आहे. चाळीत जाताना त्या प्रकाशकांचे काही फार चुकले असे मला वाटत नाही. १९६८च्या उन्हाळ्यात लेखक आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला, ख्रिसला, मागे बसवून मिनेसोटाहून पश्चिमेकडे निघतो. बरोबर एक मित्रजोडपे, बी. एम. डब्ल्यू. गाडीवर. वाटेत मोंटानाचे उंच डोंगर लागतात. मध्येमध्ये लेखक तत्त्वज्ञानावर प्रवचने करतो, ती कित्येकदा आवरत नाहीत. हा गृहस्थ बनारस हिंदू विश्वविद्यालयात तत्त्वज्ञान शिकून गेलेला, आणि पुढे माझ्यासारखाच मास्तर झालेला. मास्तरांना थांबता येत नाही हा जुना रोग आहे.

पण एखादा बिघाड आला, की तो पुन्हा माणसासारखा लिहू लागतो. डोंगरावर हवा विरळ होते. कार्ब्युरेटर पेट्रोल सोडतो तेवढेच सोडतो, त्याच्याबरोबर जळायला हवा मात्र पुरत नाही. मग मिश्रण जड होते, प्लगवर काजळी धरते, इंजिन कण्हू लागते. प्लग काढून पाहायचा आणि बारीक जेट बसवायचे, एवढाच उपाय. हे तो इतक्या सोप्या रीतीने सांगतो, की फटफटीला कधी हात न लावलेल्या गृहिणीलाही चुलीतल्या ओल्या लाकडाची आठवण यावी. दुसऱ्या एका जागी आवरणाचा एक स्क्रू अडकतो आणि त्याची खाच झिजते. दुकानात कवडीमोल असलेला तो स्क्रू त्या क्षणी अख्ख्या गाडीच्या किमतीचा होतो, कारण तो निघाल्यावाचून पुढचे काहीच हलत नाही. आणि गॅरेजातली ती पोरे! रेडिओ मोठ्याने लावून छिन्नी-हातोडी चालवणारी, इंजिनाचे पंखे फोडणारी. खरा दोष होता आतल्या तेलाच्या वाटेवरच्या, पाव डॉलर किमतीच्या तुटलेल्या खिळीत. तो लेखकाला स्वतः शोधावा लागला. त्या पोरांवर तो फारसा रागावतही नाही. ती आपल्या कामाकडे प्रेक्षकासारखी पाहत होती, एवढेच त्याचे म्हणणे, आणि ते त्याच्या सगळ्या प्रवचनांहून मला मोलाचे वाटते.

त्या मित्राच्या गाडीचे हँडल सैल होते, तेव्हा पिर्सिग बिअरच्या डब्याचा पत्रा कापून पाचर बसवू म्हणतो. मित्राच्या चेहऱ्यावर अपमान दिसतो. एवढी महाग जर्मन गाडी आणि तिला भंगाराचा पत्रा! इथे मला ग्रानादो आठवला. त्याला कोणी असा पत्रा दिला असता तर त्याने तो खिशात घालून आणखी दोन मागितले असते. एका देशात सुटा भाग दुकानात मिळतो म्हणून पाचर लाजिरवाणी ठरते, दुसऱ्यात ती विद्या ठरते. पिर्सिगला या फरकाचे कारण मनाच्या दोन प्रकृतींत दिसते. मला ते बरेचसे बाजारात दिसते.

आणखी एक तक्रार आहे, आणि ती बाप म्हणून आहे. या पुस्तकातला बाप इंजिनाच्या आवाजातला बारीकसा फरक ओळखतो. टॅपेट किंचित वाजला, की त्याचा कान टवकारतो. मागे बसलेल्या मुलाच्या मात्र पोटात दुखते, तो चिडतो, रडतो, आणि डॉक्टरांना पोटात काही सापडत नाही. आजार मनाचा असावा असे त्यांनी सुचवलेले. बाप ते जाणतो आणि पुन्हा प्रवचनाकडे वळतो. स्वतः कधीकाळी वेडाच्या भरात रुग्णालयात राहून आलेला हा माणूस, मुलाशी बोलायचे सोडून वाचकांशी बोलत राहतो. शेवटी समुद्राजवळ ते बोलणे एकदाचे होते. मग ख्रिस पायठेवीवर उभा राहून बापाच्या खांद्यावरून पुढचा रस्ता पाहतो. इतका सारा प्रवास, इतके डोंगर, आणि त्या पोराने तोवर पाहिली होती ती बापाची पाठ! पुस्तकातली ही एकच जागा वाचून मी ते मिटले आणि थोडा वेळ उघडले नाही. १९७९ साली सॅन फ्रान्सिस्कोत ख्रिसचा खून झाला; पिर्सिगने पुढच्या आवृत्तीत त्याविषयी लिहिले आहे. ते वाचल्यावर ती पाठ आणखी रुंद दिसू लागते.

गेव्हाराच्या प्रवासावर वॉल्टर सालेस या दिग्दर्शकाने २००४ साली काढलेला चित्रपट पुष्कळांनी पाहिला असेल. तो देखणा आहे. त्यात फटफटी पडते तीही देखणी पडते, आणि तेच मला खटकले. भाजलेला पाय, मारलेला कुत्रा, वर्तमानपत्रातली बढाई, हे सारे पुस्तकात ज्या रोखठोकपणे येते त्यावर चित्रपटाने मायेचा हात फिरवला आहे. अखेरीला खरा ग्रानादो, ऐंशी ओलांडलेला, क्षणभर पडद्यावर दिसतो. त्याने लिहिलेले या प्रवासाचे वेगळे पुस्तक आहे, आणि गेव्हाराच्या पुस्तकाशेजारी ठेवून वाचण्यासारखे आहे.

दिवाळीच्या चार दिवसांत दोन्ही पुस्तके होणार नाहीत. गेव्हाराचे घ्यावे, आणि तेमुकोपासून वाल्पाराइसोच्या त्या खोलीपर्यंत वाचावे. ती काही थोडीच पाने आहेत. पिर्सिगमधली प्रवचने पहिल्या वाचनात खुशाल ओलांडावीत. अडकलेला स्क्रू, गॅरेजमधली पोरे आणि समुद्राजवळचे शेवटचे प्रकरण मात्र सोडू नये. घरात दहा-बारा वर्षांचे मूल असेल तर ते शेवटचे प्रकरण त्याला शेजारी बसवून, मोठ्याने वाचावे.